उंट नको म्हणणारी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे सिंगापुरातल्या पासिर रिसच्या समुद्रावर वाळूत चालणं. ही पुढं, मी मागं. दोघांच्या चपला माझ्या हातात, कारण पदर खोचलेला असला की ही हातात काही धरत नसे.

"टाच आधी टेकू नका," ही मागं न बघता म्हणाली. "चवडा आधी. टाच टेकली की माणूस रुततो."

"तुला कुणी सांगितलं?"

"जीपवाल्यानं."

"त्याला काय कळतंय?"

"तो वाळूत वाढलाय. तुम्ही कारखान्यात."

दोन महिने रोज सकाळी हेच चाललं होतं. दगडांच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत तीन फेऱ्या. पळायला येणारी माणसं कडेच्या फरसबंदी रस्त्यानं पळायची आणि आम्हा दोन म्हाताऱ्यांना वाळूत पाय उचलून टाकताना बघायची. डिसेंबरात आम्हाला जैसलमेरच्या वाळवंटात जायचं होतं. त्याची ही तालीम.

तिसरी फेरी झाली. हॉकर सेंटरच्या एका टपरीवर कॉफी प्यालो. घरी आलो. दुपारी हिनं अर्धी पोळी खाल्ली आणि पडली. "चार वाजता उठवा, जीपवाल्याला फोन करायचाय," म्हणाली. चार वाजता मी उठवायला गेलो. ही उठली नाही. अँब्युलन्स आली, माणसं चांगली होती, त्यांनी करायचं ते केलं. झोपेतच गेली म्हणाले.

त्याबद्दल मला आणखी काही सांगायचं नाही. सांगण्यासारखी ही होती, तिचं मरण नव्हे.

मी चौथीपर्यंत शिकलो. चिंचवडला एका कारखान्यात लेथ चालवला, तिथूनच रिटायर झालो. ही दहावी झालेली. म्हणजे घरात वाचणारी ही, आणि ऐकणारा मी. मुलगा कॉम्प्युटरमधला. तो इथं आला, इथलाच झाला, आणि सहा वर्षांपूर्वी आम्हालाही घेऊन आला. बाराव्या मजल्यावर फ्लॅट. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते.

हिला सिंगापूर आवडलं नाही असं नाही. तिची तक्रार एकच होती, इथं काही वाळत नाही. पहिल्याच वर्षी हिनं कुरडया घातल्या. गहू तीन दिवस भिजवला, वाटला, चीक काढला, शिजवला, सोऱ्यातून एकेक सुबक कुरडई पाडली. पांढरीशुभ्र. बाल्कनीत ठेवल्या तर दुपारी पाऊस. आत पंख्याखाली ठेवल्या तर तिसऱ्या दिवशी हिरवी लव. मग खाली इमारतीच्या कडेला, जिथं ऊन पडतं तिथं साडी अंथरून घातल्या. झाडलोट करणारा माणूस आला आणि हातानं नाही नाही म्हणून सांगायला लागला. हिनं त्याला मराठीतच सांगितलं, "बाबा रे, दोन तासांचा प्रश्न आहे. तू इथंच उभा राहा आणि कबुतरं हाकल." तो खरंच उभा राहिला. दोन तास नाही, पण अर्धा तास राहिला.

मुलानं वाळवायचं मशीन आणून दिलं. हिनं एकदा लावलं आणि बंद केलं. "यातली कुरडई तळताना फुलत नाही," म्हणाली. "नुसती रडते."

मराठी ही सगळ्यांशीच बोलायची. चिनी, मलय, तमिळ, कुणी असो. कॉफीवालीला म्हणायची, "साखर कमी गं बाई, मला शुगर आहे." आणि ती बाई साखर कमीच घालायची. नातीला फार लाज वाटे. "आजी, शी डझन्ट अंडरस्टँड ला!" असं ती इथल्या इंग्रजीत कुजबुजायची. ही म्हणायची, "कॉफी बघ. कळलं का नाही ते कॉफीत दिसतं."

इंग्रजी हिला वाचता येत होतं, अडखळत. नातीची पुस्तकं वाचून वाचून जमवलं होतं. बोलायची मात्र नाही. म्हणायची, "वाचायला आपली अक्कल लागते. बोलायला समोरच्याची लागते, आणि ती किती आहे ते आपल्याला काय माहीत?"

हिचं खरं वेड म्हणजे म्युझियम. आणि त्यातही हिचा एक नियम होता. एका दिवशी एकच वस्तू. शहरातल्या एका मोठ्या म्युझियममध्ये आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मी आपला खोल्यांमागून खोल्या चालायला लागलो. हिनं माझा शर्ट धरला. "कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर त्यांची सगळी कपाटं उघडून बघता का?" असं म्हणून एका मातीच्या घड्यापुढं बसली. जमिनीवरच. एक तास. तिथला राखणदार, वयस्क मलय माणूस, घाबरून आला. त्याला वाटलं चक्कर आली. हिनं त्याला घडा दाखवला, स्वतःकडं बोट केलं आणि हात जोडले. त्यानं खुर्ची आणून दिली. पुढच्या आठवड्यात गेलो तर खुर्ची आधीच मांडलेली, पण त्याच घड्यापुढं. हिला त्या दिवशी दुसरी वस्तू बघायची होती. पण त्या माणसाचं मन मोडायला नको म्हणून परत तोच घडा बघितला.

वस्तूखाली पाटी असते, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं. ते ही मला मराठीत वाचून दाखवायची. त्या घड्याचं हिनं पाव तास वाचून दाखवलं. जहाजावरच्या एका आचाऱ्यानं तो विकत घेतला, त्याला घरी न्यायचा होता, बायकोनं सांगितलेला आकार मिळेना म्हणून तीन बंदरं फिरला, आणि मग जहाजच बुडालं. मी रडायच्या बेताला आलो. पुढं कधीतरी नात आमच्याबरोबर आली. तिला मी म्हटलं, वाच बरं आचाऱ्याचं. ती म्हणाली, "आजोबा, इट ओन्ली सेज पॉट. मातीचं पॉट."

मी हिच्याकडं बघितलं.

"मग?" ही म्हणाली. "घडा, माती, एवढंच लिहिलंय. तेवढं सांगायला तुम्हाला एवढ्या लांब आणायचं का?"

"म्हणजे आजवर सगळं खोटं वाचलंस?"

"निम्मं. कुठलं निम्मं ते विचारू नका."

वाळवंटाचं खूळ डोक्यात आलं ते सातव्या मजल्यावरच्या राजस्थानी बाईमुळं. ती लिफ्टमध्ये म्हणाली की आमच्याकडं शेंगा, पापड, भाजी, काहीही सकाळी घातलं की दुपारी कडक. बस. हिनं वही केली. नातीला हाताशी धरून कॉम्प्युटरवर शोधायचं आणि वहीत उतरवायचं. कुठं वाळूच्या टेकड्या आहेत, कुठं झाडांचे दगड झालेत, कुठं माळढोक पक्षी राखलाय, कुठल्या म्युझियममध्ये तिथल्या माणसांची रोजची भांडीकुंडी ठेवलीत. राजवाड्याचं म्युझियम हिनं लिहिलं आणि खोडलं. "तलवारी पुण्यात बघितल्या. मला चाळण्या बघायच्यात. वाळवंटात पीठ चाळायचं म्हणजे पिठात वाळू आली, तर त्या बायका करत काय असतील?"

इथल्या मराठी माणसांच्या मंडळात सगळे हसायचे. काकू कुरडया वाळवायला जैसलमेरला निघाल्या म्हणायचे. ही पण हसायची आणि म्हणायची, "हो. तुमच्यासाठी आणू का?"

मग तिकडचा एक जीपवाला शोधला. त्याच्याशी फोनवर भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत. हा फोन आठवड्यातून दोनदा, स्पीकर लावून. तो हिंदीत, ही मराठीत. दोघांनाही काही अडत नव्हतं.

"माताजी, पहले दिन सात पॉइंट कर देते हैं. किला, हवेली, झील..."

"एका दिवशी एकच."

"एक क्या?"

"एकच वस्तू बघायची. पाच दिवस, पाच वस्तू."

"माताजी, लोग एक दिन में सात देखते हैं!"

"त्या लोकांना सांग घरी बसा. फोनवर बघा."

तो बिचारा हसायचा. मग उंटावर यायचा. उंटावर तो दर वेळी यायचा.

"शाम को ऊँट की सवारी रखता हूँ. बिना ऊँट रेगिस्तान क्या!"

"उंट नको."

"बहुत सीधा ऊँट है, माताजी. मेरे चाचा का है."

"चाचांना नमस्कार सांग. मी त्याला जड, तो मला उंच. कशाला दोघांना ताप?"

"फिर नाच-गाना? टेंट में खाना?"

"नाच मला येत नाही. खाणं मी करते. तू मला फक्त ते दगड झालेलं झाड दाखव, आणि मी तिथं बसले की घाई करू नकोस."

यावर तो एकदा म्हणाला, "माताजी, वो तो पत्थर है. उसमें देखने का क्या?" ही म्हणाली, "अरे, झाड होतं ना ते. कसं जमलं त्याला, ते बघायचंय."

आता मुलाचं सांगतो. त्याचंही चुकलं नाही. आईला शुगर, बापाचे गुडघे. रविवारी दुपारी जेवताना त्यानं विषय काढला. "आई, इथं काय कमी आहे? बागा आहेत, समुद्र आहे, बुकित पंजांगच्या मागं अख्खं जंगल आहे. मी नेतो गाडीनं. तिकडं तुम्ही दोघं एकटे, काही झालं म्हणजे?"

"इथलं सगळं ओलं आहे," ही म्हणाली.

"आई, प्लीज. कुरडयांसाठी कुणी..."

"कुरडयांचं सोड." हिनं ताटातला हात काढून घेतला. "लग्न झालं, तुझ्या बाबांच्या नोकरीमागं चिंचवडला आले. तुझ्या नोकरीमागं इथं आले. दोन्ही ठिकाणी बरंच झालं, माझी तक्रार नाही. पण कुठं राहायचं आणि कुठं जायचं हे मला एकदाही कुणी विचारलं नाही. एकदा विचारलं होतं. तेही राहून गेलं."

मुलाला कळलं नाही. मला कळलं.

चिंचवडला असताना कंपनीनं एक वर्षी सगळ्यांना फिरायला जायची रजा दिली होती. आमच्या खात्यातले पाच-सहाजण बायकापोरांसह राजस्थानला निघाले. मी हिला विचारलं, तुला कुठं जायचंय? ही म्हणाली, तिकडंच. आठ दिवस आधी बॅग भरली. मुलगा लहान होता, त्याचा स्वेटर विणला. आणि तेवढ्यात खात्यात नवीन मशीन आलं. साहेब म्हणाले, तू थांब, तुझा हात चांगला आहे. मला ते गोड लागलं. मी थांबलो. घरी येऊन सांगितलं, या वर्षी राहू दे. हिनं बॅग उघडली, कपडे काढून परत कपाटात लावले. एक शब्द बोलली नाही. टोमणा नाही, रडणं नाही. पुढं तीस वर्षांत तो विषय एकदाही निघाला नाही. मी म्हणायचो, विसरली असेल. बायका विसरतात असं मला वाटायचं. मूर्ख होतो.

त्या रविवारी मी म्हटलं, "मी जातो हिच्याबरोबर."

मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचे गुडघे."

"गुडघे पण येतील."

दुसऱ्या दिवसापासून वाळूची तालीम सुरू झाली.

पण हिचा माझ्यावर भरवसा नव्हता. म्हणजे गुडघ्यांवर होता, माझ्यावर नव्हता. सिंगापुरात सहा वर्षं काढली, पण मी एकटा एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, कधी कुठं गेलो नव्हतो. पाट्या वाचायला ही, कार्ड टेकवायला ही, कुठं उतरायचं ते सांगायला ही. मी पिशवी धरून मागं. एक दिवस मुलगा ऑफिसचं कार्ड घरी विसरला. त्याचं ऑफिस रॅफल्स प्लेसला. ही म्हणाली, "तुम्ही देऊन या."

"मी? एकटा?"

"माझी कणीक मळून झालीय."

मला त्या कणकेचा फार राग आला. पण गेलो. दारात उभा राहून स्टेशनं मोजत गेलो, तरी चुकलो. एक स्टेशन आधीच उतरलो. गर्दी पुढं सरकली आणि मी खांबाला धरून उभा. इकडची पाटी बघ, तिकडची बघ. घामानं शर्ट ओला. दोन गाड्या सोडल्या. मग एका पोराला कार्डावरचा पत्ता दाखवला, त्यानं बोटानं पुढचं स्टेशन दाखवलं. तिसऱ्या गाडीत चढलो, बरोबर उतरलो, मुलगा खाली आला, त्याला कार्ड दिलं. छाती फुगवून परतीच्या गाडीत बसलो आणि सहज बघितलं तर पलीकडच्या डब्यात ही. पर्स मांडीवर घेऊन बसलेली.

"तू कधी आलीस?"

"तुमच्या मागोमाग निघाले होते."

"मी चुकलो तेव्हा तू कुठं होतीस?"

"जिन्यापाशी. बघत होते."

"मग हाक का नाही मारलीस?"

"हाक मारली असती तर तुम्ही थांबला असता," ही म्हणाली.

त्याचा मला चार दिवस राग होता. पाचव्या दिवशी मी एकटा जाऊन डॉक्टरांकडून हिच्या गोळ्या आणल्या.

आता ही गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगतो.

हिला अकरा वाजता न्यायचं ठरलं होतं. घरात मंडळातली माणसं. कुणी चहा करतंय, कुणी माझ्या पाठीवर हात ठेवतंय. मुलगा कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेला. सगळ्यांना कळवायचं, कागद भरायचे, बरंच असतं. नऊच्या सुमाराला हिचा फोन वाजला. मी तो कधी उचललेला नाही. वाजला आणि थांबला. परत वाजला. सूनबाई उठली.

"बाबा, तो जीपवाला आहे. मी सांगते त्याला."

मुलगा म्हणाला, "माझ्याकडं दे. मी सगळं कॅन्सल करतो. तिकिटांचंही तेच बघतोय."

मी हात पुढं केला. "माझ्याकडं दे."

"बाबा, आत्ता नको ना."

"माझ्याकडं दे."

सुनेनं बटण दाबून दिलं. तिकडून आवाज आला, "माताजी! कल फोन नहीं आया आपका. मैं बोला नाराज हो गईं क्या. अच्छा सुनिए, ऊँट कैंसल. आपकी बात मान ली. चाचा को बोल दिया."

सगळे ऐकत होते.

"मैं उसका मालक बोलता है," मी म्हटलं. "वो नहीं है. कल गयी."

"कहाँ गईं?"

"गयी, भाई. वारली."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता, गाडी कुठंतरी उघड्यावर उभी असावी. मग तो म्हणाला, "अरे राम. अरे राम राम." आणि थोड्या वेळानं, "बाबूजी, आप चिंता मत करो. बुकिंग का कुछ नहीं. मैं सब रद्द कर देता हूँ."

"मैंने रद्द बोला क्या?"

"जी?"

"मैं आयेगा."

मुलगा उठून उभा राहिला. मी त्याच्याकडं पाठ केली.

"अकेले? बाबूजी, आप अकेले क्या करोगे इधर?"

"जो वो करनेवाली थी. पाँच दिन, पाँच चीज. उसकी वही मेरे पास है." आणि मग लाज सोडून सांगून टाकलं. "एक बात सुन. मेरे को वाचता नहीं आता. मराठी थोडा आता है, बाकी नहीं. म्युझियम में पाटी होता है, वो तेरे को वाचना पड़ेगा."

तो हळूच म्हणाला, "बाबूजी, मुझे भी नहीं आता. मैं तो बाहर गाड़ी में बैठता हूँ हमेशा."

"अभी अंदर आने का," मी म्हटलं.

"जी," तो म्हणाला. "आऊँगा."

फोन बंद कसा करायचा ते मला माहीत नव्हतं. तसाच सुनेच्या हातात दिला.

मंडळातले एक काका म्हणाले, "अहो, वर्षभर कुठं जाऊ नये म्हणतात." मी त्यांना म्हटलं, तेरावं करतो, सगळं रीतसर करतो, पण वर्षाचं मला सांगू नका. या वर्षी राहू दे असं मी एकदा बोललोय.

मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. रात्रभर झोपला नव्हता. डोळे लाल. "बाबा, तुम्हाला तिथं काही झालं तर मी काय करू?"

"येऊन घेऊन जा."

"आणि नाही झालं काही तर?"

"तर पुढच्या वर्षी तू पण चल."

त्यानं कोपऱ्यातला लॅपटॉप उचलून आणला. लॅपटॉपवर दोन्ही तिकिटं उघडी होती. दोन ओळी, एकाखाली एक. इंग्रजीतली, पण हिचं नाव कसं दिसतं एवढं मला ओळखता येतं. लग्नानंतर मी ते कधी तोंडानं घेतलं नव्हतं. कुणासमोरही नाही.

त्या सकाळी घेतलं. सगळ्यांसमोर, पूर्ण, माझ्या नावासकट आणि आडनावासकट. म्हटलं, "हे तिकीट रद्द कर. खालचं राहू दे."

त्यानं रद्द केलं. मी शेजारी उभा राहून झालेलं बघितलं. मग मी आंघोळीला गेलो.